ठिपकेवाल्यांचं बिऱ्हाड

दाढी करताना हनुवटीवर रक्ताचा थेंब दिसला म्हणून मी तुरटी फिरवायला घेतली, तर थेंब चालायला लागला. ओठाच्या कडेने चालत तो नाकापर्यंत गेला, तिथे जरा टेकला, पाठीवरची दोन झाकणं उघडली आणि उडून ट्यूबलाइटवर जाऊन बसला. स्वतःचं रक्त डोळ्यांदेखत उडून गेलं की माणसाला काय वाटतं, हे ज्याचं उडालंय त्यालाच कळेल. मी ओरडलो. नंतर बायकोने चार जणांत सांगितलं की मी किंचाळलो. ते साफ खोटं आहे. मी ओरडलो.

"अय्या, लेडीबग!" ती दारातून म्हणाली. "कसला गोड आहे! शुभ असतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

आमच्या घरात या 'म्हणतात' नावाच्या गृहस्थाला फार मान आहे. त्याला आजवर कुणी पाहिलेलं नाही, पण त्याला विचारल्याशिवाय इथे पान हलत नाही. म्हणतात म्हणाला, तेव्हा तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा आमच्याकडे राहिला.

शुभ गोष्टीचं एक असतं. ती एकटी असते तोवरच शुभ असते. दुसऱ्या दिवशी एक चहाच्या कपाच्या कानावर बसलेला होता. मग एक माझ्या चष्म्याच्या घरात निघाला, दोन उशीवर, एक टूथब्रशवर. आठवड्याच्या शेवटी मी बैठकीच्या खिडकीचा पडदा सारला आणि जागच्या जागी उभा राहिलो. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, लाकूड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, ते दाटीवाटीने बसले होते. कुणी कुणाच्या पाठीवर, कुणी कुणाच्या डोक्यावर. बाहेर थंडी पडायला लागली होती आणि आमच्या खिडकीवर दिवसभर ऊन असायचं. एकूण जागा त्यांनी बघून, पसंत करून घेतली होती. मी ही जागा घेतली तेव्हा एवढं बघितलं नव्हतं.

"ते थंडी काढायला आलेत," बायको फोनमध्ये वाचून म्हणाली. "चावत नाहीत, पोखरत नाहीत, काही खातही नाहीत. फक्त त्यांना चिरडायचं नाही. पिवळं पाणी सोडतात आणि वास सुटतो."

"म्हणजे आपण काय करायचं?"

"आपली अडचण आम्ही समजू शकतो," ती म्हणाली.

हे वाक्य समजायला तिचं काम माहीत पाहिजे. ती घरून एका विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकते. दिवसभर लोक तिच्यावर खेकसतात आणि ती मधासारख्या आवाजात त्यांची अडचण समजू शकते. हा आवाज ती पूर्वी फक्त कामाच्या वेळेत वापरायची. हल्ली मला वापरते.

मी स्वतः लिफ्ट तपासणीच्या सरकारी कचेरीत वरिष्ठ सहायक आहे. आणि राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावर जे काही विनोद शक्य आहेत ते सगळे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी करून झालेले आहेत. तरीसुद्धा मी रीतसर माणूस असल्याने आधी त्यांच्याकडेच गेलो.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "किडे आत आहेत की बाहेर?"

"खिडकीच्या चौकटीत."

"असं कसं चालेल? आत असतील तर सभासदाची जबाबदारी, बाहेर असतील तर सोसायटीची. चौकट म्हणजे नक्की काय, यावर नियमात काही नाही. सर्वसाधारण सभेत ठेवावं लागेल."

"सभा कधी?"

"मागची व्हायची आहे अजून. तोपर्यंत सूचनाफलकावर लावतो. 'चौथ्या मजल्यावर, डाव्या बाजूच्या घरात किडे झाले आहेत, तरी सभासदांनी...'"

"किडे झालेले नाहीत!" मी म्हणालो. "किडे आलेले आहेत!"

व्याकरणातला हा फरक सेक्रेटरींना पटेना. धान्यात होतात ते किडे. थंडीचे येतात ते पाहुणे. शेवटी मी तक्रार तोंडीच मागे घेतली. सूचनाफलकावर आपलं घर किड्यांसह झळकावं आणि ते समोरच्या दारातल्या माणसाने वाचावं, यापेक्षा मी किडे उशाशी घेऊन झोपलो असतो.

आता समोरच्या दारातल्या माणसाबद्दल सांगायला हवं. ते निवृत्त नकाशाकार. सगळे त्यांना तोंडावर आप्पा म्हणतात आणि पाठीमागे काटकोन. त्यांच्या घरात वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला समांतर असतं आणि बिस्किटं बशीत रांगेने. वर्षानुवर्षं दर रविवारी आम्ही दोघे बुद्धिबळ खेळायचो. ते जिंकायचे, मी चहा प्यायचो. सुखाचे दिवस होते. मग उन्हाळ्यात मी चपलांचा नवा स्टँड आणून दाराबाहेर ठेवला. तो चार बोटं त्यांच्या बाजूला गेला असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन शेजाऱ्यांमध्ये हे तोंडाने मिटलं असतं. पण आप्पांनी जिन्यातल्या त्या मोकळ्या जागेचा प्रमाणबद्ध नकाशा काढला, त्यात माझा स्टँड लाल शाईने दाखवला आणि कागद माझ्या दाराखालून आत सरकवला. मी त्यावर 'पोहोचला' असा शेरा मारून तो त्यांच्या दाराखालून परत सरकवला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे अगदी मुकं नव्हे. जिन्यात भेट झाली तर आप्पा भिंतीला सांगायचे, "काही लोकांना दार हळू लावायला शिकवलेलं नसतं." मग मी कठड्याला सांगायचो, "काही लोकांचे कान फारच मोकळे असतात." रविवारी मी फोनबरोबर बुद्धिबळ खेळायचो. फोनही जिंकायचाच. पण फोन जिंकल्यावर समोर बसून चहा पीत नाही. हे मी बायकोला कधी बोललो नाही.

तर सेक्रेटरींकडून परतल्यावर मी स्वावलंबनाचा मार्ग धरला. माळ्यावर व्हॅक्यूम क्लीनर होता. आम्ही तो हौसेने घेतला आणि त्याच्यावरची धूळ वर्षातून एकदा फडक्याने पुसत आलो. त्याला दोन भोकं असतात. एक हवा ओढतं, दुसरं सोडतं. कुठलं कुठलं हे माहितीपत्रकात होतं आणि माहितीपत्रक कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी अंदाजाने नळी जोडली, खुर्चीवर चढलो, नळीचं तोंड फटीला नेमकं लावलं आणि बटण दाबलं.

अंदाज चुकला. आधी आमच्या घरातली जुनी धूळ निघाली आणि मग त्या वाऱ्याने फटीतला एकूण एक लेडीबग खोलीभर उधळला. पलीकडच्या टेबलावर बायको कुणा ग्राहकाचं सांत्वन करत होती. तिच्या केसांत, गळ्यातल्या ओढणीवर, माइकवर, सगळीकडे लाल थेंब पडले. तिने आवाज चढवला नाही. "कृपया लाइनवर राहा," असं ग्राहकाला सांगून तिने माइक बंद केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माइक पुन्हा सुरू केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या एका नजरेत मला माझं संपूर्ण मूल्यमापन वाचायला मिळालं. भिंतींवर पिवळे डाग पडले. कुजक्या शेंगदाण्यांसारखा वास दोन दिवस गेला नाही.

तळमजल्यावरच्या काकू वासावरून वर आल्या. त्यांनी लवंगा लावायला सांगितल्या, लिंबाची सालं लावायला सांगितली, कापूर जाळायला सांगितलं आणि जाताना "आमच्याकडे नाहीत हो असलं काही," असं समाधानाने सांगून गेल्या. आम्ही तिन्ही उपाय केले. किड्यांवर काही परिणाम झाला नाही. मला मात्र शिंका लागल्या.

औषध फवारणारा माणूस बोलावला. त्याने चौकट पाहिली, "हे तर चांगले किडे आहेत साहेब, झाडावरचा मावा खातात," असं म्हणून आपलं यंत्र खाली ठेवलं. "मारायचे का? तुम्ही सांगा."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने किड्यांकडे पाहिलं. त्यातला एक तेवढ्यात पाय वर करून मिशा पुसायला लागला. अशा वेळी 'मारा' म्हणायला छाती लागते. माझी नाही. फवारणारा चहा पिऊन गेला.

उरला एकच मार्ग: हाकलणं. रोज सकाळी लेडीबग थंडीने गारठलेले असतात, उडत नाहीत. तेव्हा ते रंगाच्या ब्रशने सुपलीत गोळा करायचे आणि बाहेर सोडायचे. पण सोडायचे कुठे? चार मजले उतरून खाली सोडण्यापेक्षा, आमच्या आणि आप्पांच्या, मागच्या बाजूला चिकटून असलेल्या गॅलऱ्यांच्या मध्ये छातीइतकी भिंत आहे, तिच्या पलीकडे... वाचकांनी मला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावं की मी त्यांना इजा करत नव्हतो. चांगली, ऊनवारा असलेली, शिस्तीची जागा मिळवून देत होतो. सुपली पलीकडे नेऊन हलकेच झटकली की काम झालं. पहिल्या दिवशी परत येताना मी शीळ घालत होतो म्हणे.

पण गंमत अशी की दुपारपर्यंत चौकट पुन्हा भरायची. रोज न्यावेत आणि रोज तितकेच असावेत. "हे तेच परत येतात की नवीन येतात?" मी बायकोला विचारलं.

"खूण करून बघा ना."

मी कचेरीतून व्हाइटनरची बाटली आणली. आमच्या खात्यात चुका झाकायला ती लागतेच. श्वास रोखून एका लेडीबगच्या पाठीवर पांढरा ठिपका दिला. हात जरा हलला, ठिपका थोडा पसरला, पण ओळखू येण्यापुरता झाला. त्याला पलीकडे झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चौकटीत हजर! मी विजयाने बायकोला हाक मारली. तिने जवळून पाहिलं. "अहो, याला हिरवा ठिपका कुणी दिला?"

माझ्या पांढऱ्या फराट्याशेजारी एक हिरवा ठिपका होता. बारीक, पूर्ण गोल, कडा कापल्यासारख्या स्वच्छ. एवढा गोल ठिपका हाताने काढू शकेल असा आमच्या इमारतीत एकच माणूस होता.

म्हणजे माझ्या घरात येणारे किडे नैसर्गिकरीत्या येत नव्हते. निदान सगळे तरी नाही. एक सुशिक्षित, निवृत्त, पेन्शन खाणारा गृहस्थ रोज आपल्या घरचे किडे उचलून शेजाऱ्याच्या घरात टाकत होता! मला संताप आला. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो! मी ही गोष्ट बायकोला तावातावाने सांगितली. ती फक्त माझ्या हातातल्या सुपलीकडे बघत होती.

मी त्याच लेडीबगला दुसरा पांढरा ठिपका दिला आणि पाठवला. तो परत आला तेव्हा माझ्या दोन्ही ठिपक्यांखाली हिरव्या शाईची बारीक रेघ होती. अधोरेखित! शाळेत मास्तर चुकीच्या शब्दाखाली मारतात तशी. मी व्हाइटनरने रेघ खोडली आणि पाठवला. दोन घरांमध्ये खेपा घालून घालून तो बिचारा निरोप्या मूळचा लाल आहे हे ओळखू येईना. आणि मला सांगायला हरकत नाही, सकाळी उठल्याबरोबर आज काय आलंय हे बघायची मला ओढ लागली होती. कचेरीतल्या टपालाची मला कधी एवढी उत्सुकता वाटली नाही.

मग ती सकाळ आली. मी बनियनवर मफलर गुंडाळून, सुपली घेऊन भिंतीशी वाकत वाकत गेलो आणि एकदम उभा राहिलो. नेमक्या त्याच क्षणी पलीकडून आप्पा उभे राहिले, हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन. सुपली डब्यावर आदळली. दोन्हीकडचा माल हवेत उडाला आणि भिंतीच्या माथ्यावर एकमेकांत मिसळला. आप्पांच्या टकलावर दोन बसले.

आता भिंतीला किंवा कठड्याला सांगण्यासारखंही काही नव्हतं.

"हे काय चाललंय?" शेवटी मी विचारलं.

"तुमचं जे चाललंय तेच."

"माझ्या ठिपक्याखाली रेघ मारायचं कारण?"

"ठिपका?" आप्पा कळवळून म्हणाले. "त्याला ठिपका म्हणता? मध्य कुठे आहे त्याचा? परीघ कुठे आहे? जिवंत प्राण्याच्या पाठीवर असलं काम करताना लाज वाटायला हवी!"

"उजव्या हातात किडा धरून तुम्ही डाव्याने काढून दाखवा!"

"डाव्यानेच काढतो मी! पंधरा वर्षं समोर बसून खेळलात, एवढं दिसलं नाही?"

खरंच दिसलं नव्हतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात पलीकडे वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, बाहेर आल्या आणि अलीकडे आमची सौभाग्यवती. दोघींना अजिबात आश्चर्य वाटलं नाही, हे मला खटकलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," वहिनी म्हणाल्या. "आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालताना रोज बोलतो."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या निमित्ताने तुम्ही दोघे रोज खिडक्या झाडत होतात," बायको म्हणाली. "सेवेत खंड पडावा अशी आमची इच्छा नव्हती."

अपमान दोघांचा सारखाच झाला होता. सारख्या अपमानासारखा माणसांना जोडणारा डिंक नाही. आप्पा म्हणाले, "यांना दाखवून देऊ. सगळे गोळा करू आणि सार्वजनिक बागेत नेऊन सोडू. कायमचे." मी हो म्हणालो. दोघांनी मिळून बिस्किटांची मोठी बरणी भरली. झाकणाला भोकं मी स्क्रूड्रायव्हरने पाडली. आप्पा म्हणत होते भोकं फार मोठी झाली, मी म्हणालो जिवांना श्वास घेता यायला हवा. या विषयावर आमचा बागेपर्यंत वाद चालला होता आणि बरणी माझ्या कोटाखाली उबेत होती.

बागेच्या दारात रखवालदाराने अडवलं. "बरणीत काय आहे?"

"लेडीबग. सोडायचे आहेत."

"साहेबांना विचारा."

साहेब म्हणजे उद्यान अधीक्षक. त्यांच्या खोलीत शेगडी होती, टेबलावर फायली होत्या आणि पाठीमागे पाटी होती: 'बागेतील पाने, फुले व फळे नेण्यास सक्त मनाई आहे.'

"आम्ही काही नेत नाही, आणतोय," मी म्हणालो.

"तेच तर. नेण्याचा नियम आहे. आणण्याचा नियमच नाही."

"नियम नाही म्हणजे मनाई नाही," आप्पा म्हणाले.

"नियम नाही म्हणजे परवानगीही नाही. आणि हे किडे कुठले? नोंदणीचे? आमच्या झाडांना काही झालं तर?"

"झाडांवरचा मावा खातात ते! तुमचं काम फुकट करतील!"

"आमचं काम आमच्या माणसांनी करायचं असतं," अधीक्षक दुखावून म्हणाले. "त्याची पदं मंजूर आहेत."

"आणि माणसं?" मी विचारलं. मी सरकारी नोकर आहे, मला कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

अधीक्षक उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक लाल थेंब उतरला. मग फायलीवर एक. मग शाईच्या ठशावर. मी कोट उघडला. बरणीत दोनच राहिले होते, तेही निघायच्या बेतात. शेगडीची ऊब लागून बाकीचे माझ्या बाह्यांतून, कॉलरमधून, खिशांतून बाहेर पडत होते. अधीक्षकांनी फाइल झटकली आणि मंजुरीसाठी आलेल्या कागदावर पिवळा डाग पडला. तो डाग नेमका वरच्या साहेबांच्या सहीवर पडला.

"गोळा करा!" ते ओरडले. त्यांनाही बायकोने ऐकलं असतं तर किंचाळले म्हणाली असती. "एकूण एक गोळा करा! आणि जिथून आणले तिथेच ठेवा! बाहेर कुठे सोडलेले दिसले तर बघा! उघड्यावर सोडायला बंदी आहे!"

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.

"आत्तापासून!"

मग दोन प्रतिष्ठित नागरिक सरकारी टेबलाखाली चार पायांवर रांगत होते. मी ब्रशने ढकलायचो, आप्पा पोस्टकार्डावर झेलायचे. कपाटामागचे काढताना त्यांचं डोकं माझ्या डोक्यावर आपटलं आणि आप्पांना हसू फुटलं. ते हसले की आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. मी ते विसरलो होतो. मलाही आवरेना. वरून अधीक्षक विचारत होते, "काय आहे त्यात हसण्यासारखं?" आणि आम्ही दोघे टेबलाखाली तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

सारांश असा, की हाकलायला नेलेले लेडीबग आम्ही परत आणले, आणि आता ते सरकारी आदेशाने आमच्याकडे राहणार होते. चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर प्रश्न आला, ठेवायचे कुणाकडे?

"आमच्या खिडकीत ऊन जास्त येतं," मी म्हणालो.

"आमची चौकट कोरडी आहे," आप्पा म्हणाले. "शिवाय तुमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आहे."

ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली ते विचारण्यात अर्थ नव्हता. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की पट मांडायचा आणि जो जिंकेल त्याने ठेवायचे. डाव संध्याकाळी सुरू झाला. आप्पांना तीन खेळ्यांत जिंकता आलं असतं हे मलासुद्धा दिसत होतं. त्यांनी मान खाली घालून उगाच एक प्यादं सरकवलं आणि म्हणाले, "उशीर झाला. उरलेला पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारीही तेच झालं. तोवर लेडीबगनी आपला निकाल लावून टाकला होता. अर्धे त्यांच्या चौकटीत, अर्धे आमच्या, असे ते नीट विभागून बसले होते, आणि तिकडे कुणी ब्रश लावायचा नाही असा दोन्ही घरांत अलिखित कायदा झाला. पडदा धुवायचा तर आधी खिडकीपाशी जाऊन हळूच बघायचं. काकूंनी विचारलं, "गेले का हो तुमचे किडे?" तर बायकोने त्यांना त्यांची अडचण समजू शकत असल्याचं सांगितलं.

थंडी सरली. एका रविवारी आप्पांकडे गॅलरीत पट मांडलेला होता. ऊन चांगलं तापलं होतं. बारा वाजायच्या सुमाराला फटीतून एक बाहेर आला, काचेवर चढला, जरा वेळ ऊन खाल्लं आणि उडाला. त्याच्या मागून दुसरा. मग रांगच लागली. इकडच्या चौकटीतून, तिकडच्या चौकटीतून, काचांवर लाल लाल होऊन गेलं. एकेक जण झाकणं उघडायचा आणि समोरच्या झाडांकडे निघून जायचा. आम्ही दोघे उठून उभे राहिलो. हातातला उंट हातातच राहिला. फार वेळ लागला नाही. चौकटी रिकाम्या झाल्या. मी खुर्चीवर चढून फटीत डोकावलो. आत एकही नव्हता.

"निघाले वाटतं," आप्पा म्हणाले.

"वाटतंय."

आप्पा कठड्याशी गेले, झाडांकडे बघत राहिले. मग चष्मा काढून उगाच पुसला.

"इतके दिवस राहिले," ते म्हणाले. "निदान सांगून तरी जायचं."

मी मान हलवली. "माणुसकीच राहिली नाही हो, आप्पा."